कानामागून आला काटा

आपल्याकडे जुन्या वस्तूंच्या बाबतीत माणसांचे दोन वर्ग पडतात. एका वर्गाकडे ती वस्तू असते आणि दुसऱ्या वर्गाचं तिच्यावर प्रेम असतं. हे दोन्ही योग एकाच पत्रिकेत सापडणं कठीण. ज्याच्याकडे जुना वाडा असतो तो मृगाच्या आधी ताडपत्रीचे भाव विचारत हिंडतो, आणि ज्याचं वाड्यावर प्रेम असतं तो दिवाळी अंकात त्या वाड्याच्या गळक्या माळवदावर हळवा लेख लिहितो. जुन्या ट्रकची तऱ्हा याहून वेगळी नाही.

एवढं प्रास्ताविक अशासाठी, की गेल्या दसऱ्याच्या आधी बदनापूरला आमच्या मामांच्या जुन्या ट्रकला एक नवीन मीटर बसलं आणि या दुसऱ्या वर्गातल्या समस्त मंडळींच्या पोटात एकाएकी दुखायला लागलं. मीटर तसं साधंच. वाटीएवढी काळी तबकडी आणि आत एक पांढरा काटा. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते हा काटा दाखवतो. शास्त्रोक्त नाव टॅकोमीटर; ग्रीक भाषेत 'टॅकोस' म्हणजे वेग. उलहॉर्न नावाच्या जर्मन गृहस्थाने यंत्रांची गती मोजायला हे उपकरण काढलं ते १८१७ साली, म्हणजे इकडे पेशवाई बुडायला अजून एक वर्ष अवकाश होता. गॅरेजात मात्र त्याला टॅकोमीटर कोणी म्हणत नाही. तिथे ते 'आरपीएम मीटर'. तर दोनशे वर्षांच्या या म्हाताऱ्या वस्तूला 'नवीन थेरं' म्हणणाऱ्यांचा समाचार घेण्याचं अस्मादिकांनी योजलं आहे.

आधी ट्रकविषयी. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही. कारण पुढे मी ट्रकबद्दल दोन शब्द वाईट लिहिणार आहे, आणि त्या काळात ते सगळ्याच कंपन्यांना सारखे लागू पडत. जमाना पुढे लांब नाक काढलेल्या ट्रकांचा होता एवढं सांगितलं म्हणजे पुरे. १९५४ मध्ये जमशेदपूरच्या टेल्कोने डायमलर-बेंझशी करार केला. तो १९६९ पर्यंत चालला, आणि त्या काळात तिथल्या ट्रकांच्या नाकावर मर्सिडीजचा तारा झळकत असे. आज दारात मर्सिडीज आली म्हटलं की लग्नातली माणसं जिलबी अर्धी टाकून उठतात. त्या काळी मर्सिडीज कांद्याची पोती घेऊन यायची आणि तिच्याकडे फक्त जकात नाक्यावरचा कारकून बघायचा.

मामांनी असाच एक नाकवाला ट्रक तीस वर्षं चालवला. बदनापूरहून तूर, कापूस, मोसंबी भरायची. कधी वीसेक किलोमीटरवरचं जालना गाठायचं, तर कधी कन्नडच्या पुढे औट्रम घाट उतरून खानदेशात शिरायचं. आता ट्रक आणि मामा दोघेही धंद्यातून निवृत्त झालेत. मामांनी लायसन्स पुढे वाढवून घेतलं नाही. ट्रक आता शेतातून खळ्यावर आणि खळ्यावरून गोठ्याकडे, एवढ्याच हद्दीत फिरतो. ही सगळी जमीन मामांचीच. रस्त्यावर काढायची वेळ आली तर मामेभाऊ चालवतो. म्हणजे बघा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला ट्रक. पण त्याला काटा बसला मात्र, आणि सल्लागारांची रांग लागली.

पहिला हल्ला शहरातून आला. जुन्या गाड्यांचे एक शौकीन छत्रपती संभाजीनगरहून मुद्दाम ट्रक बघायला आले होते. त्यांनी ट्रकला प्रदक्षिणा घातली, नाकावरून हात फिरवला, चढून आत बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, काय केलंत हे! ओरिजिनल डॅशबोर्डाची पार वाट लावलीत!"

ओरिजिनल! मंडळी, त्या काळात कंपनी ट्रक म्हणून जे द्यायची ते म्हणजे चासी, इंजिन, पुढचं नाक आणि बाकी देवाचा हवाला. कॅबिन बांधायची सुताराने, आणि मागची बॉडीही सुतारानेच. मामांच्या कॅबिनला ज्या झाडाचं लाकूड लागलं ते झाड मामींच्या अजून आठवणीत आहे. आणि त्या पवित्र डॅशबोर्डावर काय काय आहे? वेगाचा काटा आहे. तो वीसवर अडकलाय. ट्रक उभा असला तरी तो वीसने पळतो. डिझेलचा काटा आहे. त्याच्यावर कुणाचाच विश्वास नसल्यामुळे टाकीत काठी बुडवून बघतात. सोमठाण्याच्या रेणुकामातेचा फोटो आहे, त्याला प्लास्टिकचा हार आहे, खाली उदबत्तीचं घर आहे. लग्नात आहेर आलेलं घड्याळ आहे. स्टँडवर घेतलेला छोटा पंखा आहे, तो फक्त ड्रायव्हरच्या टकलाला वारा घालतो. यातली कोणती वस्तू कंपनीने दिली होती? हार चालतो, पंखा चालतो, घड्याळ चालतं (म्हणजे ओरिजिनल म्हणून चालतं; एरवी ते बंद आहे). आणि इंजिनाशी ज्याचा खरोखर काही संबंध आहे अशी एक वस्तू आली की लगेच मूळ रूप बिघडलं!

बरं, कायद्याचं म्हणाल तर केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. ते आहेत खासगी, धंद्यात नसलेल्या वाहनांसाठी. आणि त्यांनीही मूळ रूप राखा म्हणताना बोट ठेवलंय ते चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांच्यावर. इथे तर डॅशबोर्डाला भोकसुद्धा पाडलेलं नाही. खाली एक पट्टी, पट्टीला दोन स्क्रू, आणि त्यावर मीटर. उद्या स्क्रू काढले की ट्रक पुन्हा कुमारिका!

काटा बसवण्याची कथाही सांगण्यासारखी आहे, कारण 'दोन तारा जोडल्या की झालं' म्हणणारे सल्लागार गावोगाव आहेत. मामेभावाने आणलेलं पहिलं मीटर वायरमनने उलटसुलट करून बघितलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

"दादा, हे पेट्रोल गाडीचं हाय. ह्याला कॉइलीची तार लागती. डिझेलला कॉइल म्या कुठून आणू?"

मुद्दा बिनतोड होता. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते, आणि मीटर ठिणग्या मोजून फेरे सांगतं. डिझेल पेटतं ते दाबाने तापलेल्या हवेत, तिथे ठिणगीच नाही. मग मोजणार काय, कपाळ? म्हणून दुसरं मीटर आणलं, डिझेलचं. त्याची तार अल्टरनेटरच्या 'डब्ल्यू' नावाच्या टोकाला जाते. त्या टोकावर विजेचे हेलकावे मिळतात, आणि ते अल्टरनेटरच्या फेऱ्यांबरोबर कमीजास्त होतात. समजा अल्टरनेटरला बारा ध्रुव आहेत, म्हणजे त्याच्या एका फेऱ्यात सहा हेलकावे. त्याची पुली लहान, म्हणून इंजिनाच्या एका फेऱ्यात त्याचे दोन. झाले बारा. इंजिन उभ्या उभ्या मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर सेकंदाला दहा, आणि हेलकावे १२०. हा हिशेब मीटरला एकदा नीट समजावून सांगावा लागतो, नाहीतर ते मनाला येईल ते बोलतं. जुना डायनामो असेल तर हे टोकच नसतं. मामांच्या ट्रकला मात्र अल्टरनेटर बसून कैक वर्षं झाली. ते करताना 'ओरिजिनल'चा गळा काढायला कोणी आलं नव्हतं. शेवटी इंजिनाच्या मोठ्या पुलीला चकाकती पट्टी चिकटवली, हातात धरायच्या यंत्राने फेरे मोजले, आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत वायरमनने मीटरच्या पाठीवरचा स्क्रू पिळला. पट्टा घसरला तर काटा थोडं खोटं बोलतो. पण आपल्याकडे एवढं खोटं गृहीतच धरलेलं असतं.

दुसरा आक्षेप जरा तांत्रिक. "पंपाला गव्हर्नर असतो की! इंजिन जास्त पळालं तर तो धरतो. मग काटा कशाला?" गव्हर्नर म्हटलं की आपल्याला राज्यपाल आठवतात. पण हा गव्हर्नर म्हणजे गरगर फिरणारी वजनं. फेरे वाढले की ती बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला जी युक्ती लावली तिचाच हा नातू. गुणी आहे, यात शंका नाही. पण त्याच्या हातात फक्त इंजिनाचं अन्न आहे. घाटाच्या उतारावर, दहा टन माल पाठीशी असताना, ड्रायव्हरने खालचा गिअर चुकीच्या वेळी टाकला तर इंजिन चाकाला फिरवत नाही, चाकं इंजिनाला फिरवतात. तिथे डिझेल पार बंद केलं तरी फेरे चढतच जातात, आणि गव्हर्नर बिचारा कोपऱ्यात बसून राजीनामा लिहीत असतो. ज्या गिअरने घाट चढलास त्याच गिअरने उतर, हा जुन्या ड्रायव्हरांचा मंत्र उगाच नाही झालेला. तो पाळला की नाही हे सांगणारा साक्षीदार म्हणजे हा काटा.

पण माझं खरं भांडण या दोघांशी नाही. ते आहे स्टँडसमोरच्या हॉटेलात बसणाऱ्या तिसऱ्या पक्षाशी, म्हणजे कानवाल्यांशी.

"ड्रायवरला काटा कामून लागतो? द्येवानं कान दिलेत की! जातिवंत ड्रायवर आवाजावर गिअर टाकतो."

हे वाक्य म्हणताना म्हणणाऱ्याचे डोळे अर्धे मिटतात आणि हातातली बशी हवेत थांबते. शास्त्रीय गायनाच्या बैठकीत 'काय षड्ज लागलाय!' म्हणणाऱ्यांची जी मुद्रा असते, तीच ही. आणि गंमत अशी, की हे म्हणणाऱ्यांपैकी एकही जण ट्रक चालवत नव्हता. एक किराणा दुकानदार, एक निवृत्त तलाठी आणि एकाचं कटिंग सलून.

आधी एक आकडेशास्त्रीय शंका विचारतो. आमचं बदनापूर हे तुरीच्या संशोधनाचं गाव. इथल्या कृषी संशोधन केंद्राचे वाण 'बीडीएन' या अक्षरांनी ओळखले जातात. पांढऱ्या दाण्याची ७११ पेरली म्हणून सांगताना याच मंडळींची छाती फुगते. तुरीला आकडा चालतो! मोंढ्यात तुरीच्या पोत्याला काटा लागतो, कापसाच्या गाडीला काटा लागतो, आणि काटा दोन किलोने इकडचा तिकडे झाला तर हेच कानवाले बाह्या सरसावतात. तिथे कोणी म्हणत नाही, 'जातिवंत व्यापारी पोतं नुसतं उचलून वजन सांगतो, काटा कशाला?' पैसा आपला असला की काटा पाहिजे आणि इंजिन दुसऱ्याचं असलं की कान पुरे, असा हा न्याय आहे.

तरीही मी मान्य करतो, तसा कान होता. मामांचा होता. जुन्या ट्रकचे गिअर आजच्यासारखे लोण्यात सुरी घातल्यासारखे पडत नसत. डबल क्लच मारायचा. मध्ये न्यूट्रलला थांबून इंजिनाचे फेरे नेमके हवे तेवढे चढवायचे आणि मग दांडा ढकलायचा. चौथ्या गिअरात १२०० फेरे असतील आणि तिसरा त्याच्या दीडपट पळवणारा असेल, तर त्या अर्ध्या क्षणात इंजिन १८०० वर यायला हवं. शंभर-दोनशे कमी पडले की गिअरबॉक्स अशी किंचाळायची की शेजारच्या शेतातले बैल थांबून बघायचे. मामा हा हिशेब कानाने करत. आकडा त्यांना कधीच माहीत नव्हता, आणि उत्तर कधी चुकत नव्हतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय. खरं म्हणजे कानांनी ऐकलंय.

पण तो कान आज कुठे आहे, हे हॉटेलातल्या कुणी विचारलं नाही.

तो कान ट्रकने खाल्ला. त्या कॅबिनमध्ये इंजिन आणि ड्रायव्हर सख्ख्या शेजाऱ्यांसारखे राहत. मध्ये फक्त एक पत्रा. डावा कान इंजिनाला वाहिलेला आणि उजवा उघड्या खिडकीला, म्हणजे वाऱ्याला आणि जगातल्या तमाम हॉर्नांना. रोजचे आठ तास ८५ डेसिबल यापुढे कानाला धोका सुरू होतो, असं जगभरचे डॉक्टर मानतात. आपल्याकडे कारखान्यांना ९० डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, आणि गोंगाटाने आलेलं बहिरेपण कायद्याच्या यादीत रोग म्हणून नोंदलेलं आहे. पण ट्रकची कॅबिन हा कारखाना नव्हे. तिथे ना शिफ्ट संपल्याचा भोंगा, ना तपासणीला येणारा इन्स्पेक्टर. राज्य सरकारने २०१५ मध्ये ट्रकांच्या मागचं 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली. अक्षरं गेली, हॉर्न राहिले. नव्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित कॅबिन सक्तीची झाली ती १ ऑक्टोबर २०२५ पासून. ड्रायव्हरला उकडतं, हे देशाच्या ध्यानात यायला स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली. ड्रायव्हरला ऐकू येत नाही हे ध्यानात यायला किती लागतील, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणि हे बहिरेपण मोठं चोरपावलांनी येतं. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. कानाच्या आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी ते टिपतात, त्या एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. ड्रायव्हरला वाटतं, आपल्याला सगळं ऐकू येतंय, लोकच हल्ली पुटपुटतात. 'शेत' आणि 'पेत' यात फरक उरत नाही. "ह्यांना समद्या गावाचं ऐकू येतं, माझंच तेवढं येत नाही," हा मामींचा वीस वर्षांचा आरोप. आम्ही सगळे त्यावर हसायचो. शास्त्र बघितलं तर मामींचं म्हणणं अगदी अक्षरशः खरं होतं. बायकांचा आणि पोरांचा आवाज उंच पट्टीतला. तो आधी जातो. पारावरच्या म्हाताऱ्यांचा खर्ज शेवटपर्यंत टिकतो.

ट्रकचंही तेच झालं. इंजिनाची घरघर मामांना कळते. ती ऐकावी लागत नाही, सीटमधून वर येते. पण फेरे चढताना गिअरची जी शीळ वर वर जाते, ती गेली. आणि 'आता बदल' असं सांगणारी नेमकी ती शीळच असते. खळ्यावर तुरीची पोती आणताना मामा दुसऱ्या गिअरातच ट्रक रेटायचे. इंजिन ओरडून ओरडून घसा फोडून घ्यायचं, आणि मामा वर शांतपणे बसलेले असायचे, एखाद्या देवळातल्या मूर्तीसारखे. गडी तोंडावर उपरणं धरून हसायचे. हॉटेलातल्या कानवाल्यांनी तर मामांच्या गिअरवर दोन-तीन विनोद कायमचे करून ठेवले होते. जातिवंत कानाची आरती ओवाळणारे तेच, आणि कान गेलेल्या माणसाची टिंगल करणारेही तेच!

मामांना श्रवणयंत्र सुचवून बघितलं. चष्मा लावायला माणूस लाजत नाही. चष्म्याने तो उलट शिकलेला दिसतो. पण कानात यंत्र घालायचं म्हणजे 'मी म्हातारा झालो' असा बोर्ड कपाळावर लावल्यासारखं. मामा म्हणाले, "मला काय झालंय?" विषय संपला. आम्ही तो मोठ्याने संपवला, कारण हळू संपवलेला त्यांना ऐकू गेला नसता.

मग मामेभावाने हा काटा बसवला. तबकडीवर वायरमनने दोन ठिकाणी रंगाचे ठिपके दिले: हिरव्याच्या खाली काटा आला तर खालचा गिअर, लालच्या जवळ गेला तर वरचा. मामांना काही समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी काट्याकडे संशयाने बघितलं, दुसऱ्या दिवशी त्याच्याशी ओळख करून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी गिअर असा टाकला की गड्यांची उपरणी तोंडावरून खाली आली. कोणी विचारलं तर मामा ऐटीत म्हणतात, "काट्यावर चालवतो मी." ऐकू येत नाही असं म्हणावंच लागत नाही. श्रवणयंत्र लागलं, फक्त ते मामांच्या कानाला नाही, ट्रकच्या डॅशबोर्डाखाली लागलं. यात माणसाची जी अब्रू राहिली, तिच्यापुढे त्या ओरिजिनल डॅशबोर्डाची काय किंमत?

मामेभावाला तर कान मिळालाच नव्हता. तो शिकला आजच्या गाड्यांवर. काचा बंद, आत गाणी. नव्या ट्रकांना हा काटा कंपनीतूनच येतो, हिरव्या पट्ट्यासकट. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेलाय, त्यावर पळणाऱ्या गाड्यांना तर आतला कॉम्प्युटरच सगळं सांगतो. ज्याला गरज कमी त्याला काटा आयता, आणि ज्या ट्रकला एकेक गिअर मनधरणी करून टाकावा लागतो त्याला मात्र 'कान पुरे'! आता मामा शेजारी बसून काटा वाचतात, "हां, अठराशे, ऐक आता," आणि पोरगा मान तिरकी करून ऐकतो. अठराशेचा आवाज कसा असतो ते त्याला असं कळतंय. म्हणजे कानाची विद्या काट्याने मारली, हेही खोटंच. मामांच्या कानाबरोबर ती बुडाली असती. काट्याच्या आधाराने ती पोराच्या कानात चालली आहे. कानामागून आला आणि तिखट झाला, असं या काट्याला खुशाल म्हणा. पुढच्या कानांनी तीस वर्षं नोकरी करून राजीनामा दिलाय, हे लक्षात ठेवून म्हणा.

तेव्हा कानवाल्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कानाचं कौतुक जरूर करा, पण एकदा त्या नाकवाल्या ट्रकात काचा खाली करून सहा तास बसा. उतरल्यावर हॉटेलात या आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा. आम्ही सावकाश ऐकू. फक्त जरा जोरात बोला. आम्हाला नव्हे, तुम्हालाच ऐकू यावं म्हणून.